ताईची राखण

थांब, शटर बडवू नकोस. मोटर मिळेल तुझी. ये, बस माझ्या ह्या टायरांवर, एक गोष्ट सांगतो. जुनीपुराणी नाही, तासाभरापूर्वीची आहे.

हा शेजारचा तुझा वाइंडिंगवाला फोनवर लढायांचा खेळ खेळतो, तुला ठाऊक असेल. त्याला त्यात ओढलं त्याच्या ताईने. आई लवकर गेली, ह्याला वाढवलं तिनेच. कंबर धरली, खाटेला खिळली, तेव्हा ती पडल्या पडल्या हा खेळ शिकली आणि आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. खेळात ती वैद्यीण. कुणी लढायला निघालं की त्याच्या गड्यावर, म्हणजे खेळातल्या त्याच्या माणसावर, राखण घालायची. राखण म्हणजे गड्याभोवती निळसर उजेड. मारामारीत जात नाही, पण गड्याला खाटेवर निजवलं की जाते. खेळाचा नियमच तसा. निजला की विष उतरतं, शाप उतरतो, थकवा उतरतो, आणि राखणही उतरते. चांगलं-वाईट सगळं एका झटक्यात साफ. राखण घालणाऱ्याला एक ओळ लिहून ठेवता येते, ती उतरल्यावरच दिसते. माझी उतरली तेव्हा आलं होतं, "पोट आत घे, पंक्चरवाल्या."

ताईचं कंबरेचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी तिने ह्याच्या गड्यावर राखण घातली. ऑपरेशनच्या टेबलावरून ती परत आली नाही.

सात महिने झाले. ह्याने गड्याला निजवलंच नाही. गडी लंगडायला लागला, तलवार उचलेना. हा आपला औषधाच्या बाटल्या पाजून पाजून चालवायचा. आमची टोळी बोंबलायची, "अरे, निजव त्या मढ्याला! तुझ्यापायी आम्ही मरतोय." ह्याचं एकच उत्तर. "ती आहे ना अजून अंगावर."

आणि तिकडे गडी निजेना, तसा इकडे हाही निजेना. स्टुलावर बसून काय डुलकी लागेल तेवढीच. डोळे लालभडक. परवा पंख्याचं वेटोळं उलटं भरलं, पंखा उलटा फिरला. तीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही हसलो. काल चालू वायरीला हात लागता लागता राहिला, तेव्हा कोणी हसलं नाही.

आज दुपारी दाजी आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. मी माझ्या कॉम्प्रेसरची मोटर उघडून ह्याच्या दुकानातच बसलो होतो. ह्याला एक मोटर वार्निशमध्ये बुडवायची होती, म्हणून ह्याने फोन दाजींच्या हातात दिला.

"दाजी, नुसता धरा. गडी उभा आहे, उभाच राहू द्या. कशाला हात लावू नका."

दोन मिनिटं गेली असतील. दाजी हळूच म्हणाले, "फार दमला होता रे. गुडघे टेकत होता बिचारा. बाजूलाच खाट होती, निजवला त्याला."

हा वळला. हातांवरून वार्निश टपकत होतं. फोनमध्ये गडी खाटेवर पडलेला. उजेड नाही.

"दाजी!" असा ओरडला की माझ्या हातातला पाना खाली पडला. "काय केलंत हे! माझी ताई पुसून टाकलीत तुम्ही!"

तिच्याच नवऱ्याला बोलला हे! दाजी पांढरेफटक पडले. मला वाटलं, हा आता हात उचलतो. मी मध्ये जायला उठलोच होतो, तेवढ्यात दाजींनी फोन पुढे केला.

"हे काय आलंय बघ. तिचं बोलणं वाटतंय."

ह्याला वाचता येईना, डोळे भरलेले. मग मीच मोठ्याने वाचलं.

"निजलास एकदाचा? किती दिवस लावलेस रे, गाढवा!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला ठाऊक होतं. ऑपरेशनला जायच्या आधीच ठाऊक होतं, आपण आलो नाही तर हा काय करून बसेल ते.

हा बाकावर मटकन बसला. वार्निशचे हात तसेच वर धरलेले, लहान पोराला हात धुवायला नेतात तसे. मग हळूहळू आडवा झाला. दाजींनी त्याचे बूट काढले, शटर अर्धं ओढलं आणि उशाशी बसून राहिले. अजून तिथेच आहेत.

ऐक, घोरणं येतंय कानावर? सात महिन्यांनी येतंय. तुझी मोटर उद्या ने. आणि एवढं कर माझ्यासाठी, स्कूटर कोपऱ्यापर्यंत ढकलत ने, तिथे गेल्यावर किक मार.