हिरॉइनच्या जागी

ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांनाच घेऊन सिनेमे काढायचे, असं मी निर्माती होतानाच ठरवलं होतं. म्हणून या वेळी एका स्टंटवालीला हिरॉइन केलं. बिचारीने आजवर दुसऱ्या हिरॉइनींच्या जागी मार खाण्याशिवाय काही केलं नव्हतं.

पहिलाच सीन. खलनायक तिला केस धरून जिन्यावरून फेकतो. ती बाह्या सरसावून निघाली, तेवढ्यात दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, आता ती हिरॉइन आहे. तिचा हात मोडला तर सिनेमाच बसला. डुप्लिकेट बोलवा."

"तिच्या अंगकाठीची डुप्लिकेट एकच आहे. तीच."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

खलनायक फार सज्जन माणूस. "सॉरी हं ताई," म्हणाला आणि मला भिरकावलं. विग त्याच्या हातात राहिला, मी खाली गेले. दुसऱ्यांदा विग पिना खुपसून बसवला, त्यामुळे आम्ही दोघं बरोबरच पोचलो. माझा एक दात मात्र मधल्या पायरीवरच उतरला.

तोंडातून रक्त आलं तशी हिरॉइन खुर्ची सोडून धावत आली. माझं डोकं मांडीवर घेतलं, हनुवटी दोन्ही हातांत धरली. मला भरूनच आलं. म्हटलं, केलं त्याचं चीज झालं.

तिने माझी हनुवटी हळूच भिंतीकडे वळवली.

"ताई, पडताना मान अशी ठेवा. तुमचं तोंड कॅमेऱ्यात येतंय. परत घ्यावं लागेल."