समोरचा मुलूख

गावच्या शाळेत दुपारी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. तांबोळीबाईंनी फळ्यावर ‘कंट्री’ लिहून अर्थ विचारला.

“दारू,” द्वारका म्हणाली. सगळ्या हसल्या. मग तिचा नवरा त्याच कंट्रीपायी गेला हे आठवून त्यांचं हसू विरलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “द्वारकाताई, तोही अर्थ आहेच. कंट्री म्हणजे देश, आणि खेडंही. पण हा शब्द मुळात लॅटिनमधून आला, ‘समोर’ या अर्थाच्या शब्दापासून. आपण उभं राहिलं की डोळ्यांसमोर पसरतो तो मुलूख, ती कंट्री.”

द्वारका उठून खिडकीशी गेली. पलीकडे तिचं दोन एकर रान होतं. नवऱ्याच्या मागं नऊ वर्षं ती ते एकटीनं कसत आली होती. आता दीर विकायच्या मागं लागला होता आणि ती थकून ‘हो’ म्हणायच्या बेतात होती. हरभऱ्याला घाटे धरले होते. ती बराच वेळ बघत राहिली.

संध्याकाळी दीर कागद घेऊन आला. तिनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, “भावजी, रान इकायचं न्हाई. ते माझ्या समोरच ऱ्हाऊ द्या.”