मागची चाकं

“महिन्याला किती चालते गाडी, ताई?” टायरवाल्याने विचारलं.

“महिन्याचं सोडा. आज जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. तेवढी निघाली म्हणजे झालं.”

चारशे किलोमीटरसाठी कोणी टायर विकत घेत नाही, हे टायरवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. ती खरं तर नुसती हवा भरायला थांबली होती. त्याने वाकून बघितलं आणि मान हलवली. पुढची दोन्ही टायरं पार टकली झाली होती. मागची बरी होती, आणखी वर्षभर सहज निघाली असती. निदान पुढची दोन बदलल्याशिवाय घाटात जाऊ नका, त्यात सकाळपासून रिपरिप चालली आहे, असं त्याने बजावलं.

मग त्याने तीन प्रकार आणून भिंतीला टेकवले. एक मऊ, आवाज न करणारं, पण लवकर झिजणारं. दुसरं टणक, वर्षानुवर्षं टिकणारं, पण ओल्यात भरवसा नाही. तिसऱ्याला खोल खाचा होत्या. ते पाणी बाहेर फेकतं, कोरड्या रस्त्यावर जरा गुणगुणतं इतकंच. तो मन लावून सांगत होता आणि तिच्या कानांवरून सगळं वाहून जात होतं. गेली तीन वर्षं ती निवडच करत आली होती. डॉक्टर, रात्रीची बाई, गॅसला कुलूप कुठलं लावायचं, बाहेरच्या दाराला कडी किती उंचीवर. आणि शेवटी, सात जागा पायाखाली घातल्यावर, घाटापलीकडचा तो वृद्धाश्रम. जीव मेटाकुटीला आलेल्या माणसाला तीन टायरं म्हणजे तीन डोंगर.

“तुम्हाला योग्य वाटेल ते घाला,” ती म्हणाली.

“पाणी फेकणारी घालतो. जरा स्टेपनीही बघू, डिकी उघडता?”

डिकी उघडावी लागली. आत दोन बॅगा, वॉकर, उशी आणि बाबांचा जुना रेडिओ. तिने चटकन मागे वळून पाहिलं. बाबा बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आठ दिवस हवापालट करायला जायचं आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. बाकी ताकास तूर लागू द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं. आश्रमाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कपड्यावर नाव हवं होतं. धोबी अदलाबदल करतो म्हणून, असं सांगून तिने तीन संध्याकाळी बसून सदऱ्यांच्या पट्ट्यांवर काळ्या शाईने त्यांचं नाव लिहिलं. शाई पसरू नये म्हणून बाबाच दोन्ही हातांनी कापड ताणून धरत होते. तेव्हा तिला स्वतःची इतकी लाज वाटली होती की एका बनियनवर तिने आडनाव चुकवलं.

आज सकाळी त्यांनी दोनदा विचारलं होतं, ही गाडी कोणाची. तिने दोन्ही वेळा सांगितलं, आपलीच. पुढे बसवलं की ते हँडब्रेकला हात घालत, म्हणून आताशा त्यांची जागा मागच्या सीटवर होती. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा.

टायरवाल्याने जॅक लावला तसे बाबा उठले. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. प्रत्येक टायरवर काठी आपटून आवाज ऐकला, पूर्वी डेपोतून बस काढताना ऐकत तसा. मग टायरवाल्याजवळ येऊन थांबले.

“नवी मागे घाल. मागची पुढे आण.”

“काका, सगळे नवी पुढेच घालतात. स्टीअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे.”

“बाबा, ही बस नाहीये,” ती म्हणाली. “त्यांचं काम त्यांना करू द्या. आपल्याला उशीर होतोय.”

आवाज चढला हे तिच्या लक्षात आलं. आजच्या दिवशी तरी चढायला नको होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते टायरवाल्याशीच बोलत राहिले, एका कारागिराने दुसऱ्याशी बोलावं तसे. इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

“पुढचं घसरलं की हाताला कळतं. सावरता येतं. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. भरल्या गाडीचं मागचं चाक रस्ता धरून बसतं. रिकामी असली की ओल्या उतारावर शेपूट फेकते. मी सांगतोय ते ऐक.”

टायरवाल्याने पाना खाली ठेवला. म्हाताऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं, हे त्याला पटत होतं. तरी तो हसून म्हणाला, “पण काका, तुमची गाडी रिकामी कुठेय? डिकी गच्च भरलीय. मागच्या सीटवर तुम्ही बसणार.”

बाबांनी हात लांब करून डिकीचं झाकण खाली ओढलं आणि नीट दाबून बंद केलं.

“ते जाताना,” ते म्हणाले. “येताना ही एकटीच असेल.”