कोंबड्यांचा दगड

मोहाने काठीने ठोकून परातीतला बर्फ फोडला. सकाळपासूनची ही चौथी खेप. सहाही कोंबड्या खुराड्याच्या दाराशी गोळा झाल्या. एकीने बर्फाच्या तुकड्यावर चोच मारून पाहिली आणि मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस," तो म्हणाला. "मला तरी काय येतं?"

खरंच त्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अ‍ॅटलास पर्वतातल्या त्या गावात कोंबड्या बायकांच्या असतात. पुरुषाने फार तर त्या खाव्यात. त्याच्या बायकोला, इत्तोला, पुरून दोन दिवस झाले होते. घरात मयत झालं की तीन दिवस चूल पेटवायची नाही, शेजारी जेवण आणून देतात. मोहाचं त्यात काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते कोंबड्यांचं.

ओढ्यापलीकडची तुडा कढणाचं भांडं घेऊन आली आणि परातीपाशी थबकली.

"दादा, यात चहा ओतलात?"

"दुपारी तू आणलेला. घरात तेवढंच गरम होतं."

"साखरेचा, पुदिना घातलेला. कोंबड्यांची सरबराई जोरात आहे की." ती हसली आणि लगेच पदराने डोळे पुसू लागली. "उद्या इत्तोच्या नावाने जेवण घालायचंय. कापून टाका सगळ्या. नाहीतरी तहानेने मरतीलच."

इत्तो रोज दिवेलागणीला चुलीतून काहीतरी फडक्यात गुंडाळून खुराड्याकडे न्यायची, ते मोहाला आठवलं. हिला माणसांपेक्षा कोंबड्यांचे लाड जास्त, असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा. काय नेतेस, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. आता त्याचीच त्याला लाज वाटली.

तो घरात गेला आणि थंड राखेत हात घातला. दोन गोल दगड हाताला लागले, एक मोठा, एक लहान. मोठा त्याने मध्ये ठेवला, भोवती देवदाराची लाकडं रचली आणि काडी ओढली.

"दादा, उद्याचा दिवस जाऊ द्या. गावाला धूर दिसेल."

"दिसू दे. तिच्या कोंबड्या तहानलेल्या ठेवून कसला आलाय दुखवटा?"

तापलेला दगड त्याने फडक्यात गुंडाळून परातीखाली सरकवला आणि ताजं पाणी ओतलं. कोंबड्या तुटून पडल्या. एकेक घोट घ्यायचा आणि चोच आभाळाकडे करायची. तो उकिडवा बसून बघत राहिला. पाणी गोठलं नाही.

आत विस्तव अजून चांगला होता. तुडाने राखेतला लहान दगड उचलला.

"आणि हा कुणाचा?"

"माझ्या पायांचा. रात्री अंथरुणात तापलेला सापडायचा. मोठा कोंबड्यांना, लहान मला, हे आज कळलं."

"मग टाकते विस्तवात. गारठा काय कमी आहे?"

मोहाने तो तिच्या हातातून घेतला, जरा वेळ ओंजळीत धरला आणि चुलीच्या कडेला, थंड राखेत, पुन्हा पुरून ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "याचे तीन दिवस अजून व्हायचेत."