एक्केचाळिसावं पुडकं

मोर्चा होता त्याच सकाळी दुकानात कोंबडी आली. मोर्चा हवानाच्या समुद्राकाठच्या अमेरिकी वकिलातीवर जायचा होता. कोंबडीही अमेरिकेचीच होती. गोठवलेल्या तंगड्या, खोक्यांवर गरुडाचं चित्र.

नेरेइदा गल्लीच्या समितीची अध्यक्षा. साम्राज्यवादाविरुद्ध चाळीस माणसं आणायची, असा तिला वरून हुकूम होता. गेल्या खेपेला तिने अकरा नेली होती, त्यातली तीन घरचीच. आज ती सहापासून दारं ठोठावत होती. दारं उघडत नव्हती, कारण माणसं घरात नव्हती. ती रुतिलिओच्या दुकानासमोर होती.

शेवटी तीही तिथे आली. "शेवटचं कोण?" तिने विचारलं. जिन्याच्या सावलीतून एक हात वर झाला. झालं, रांगेत नंबर लागला. आपण कोणामागे एवढं लक्षात ठेवायचं. मग उभं राहा, बसा, नाहीतर घरी जाऊन कॉफी ठेवा. नेरेइदा चाळिसावी होती. पाठोपाठ काठी टेकत म्हातारा बेलार्मिनो आला. त्याने विचारलं, तिने हात वर केला, तो एक्केचाळिसावा झाला.

"आज रेशनकार्ड नको," रुतिलिओ शटरच्या आडून ओरडला. "माणशी एक पुडकं. एक्केचाळीस आहेत. अकराला उघडतो. दुसरा ट्रक दुपारी येईल. आला तर."

नेरेइदाच्या घरी मुलगी चार दिवसांची बाळंतीण होती. तिच्यासाठी रस्सा हवा होता. मोर्चासाठी चाळीस माणसं हवी होती. दोन्ही समोरच होतं, आणि एकातून दुसरं सुटत नव्हतं.

"चला, नऊला निघायचंय," ती म्हणाली.

"अमेरिका उद्याही तिथेच असेल," सोराइदा म्हणाली. ती रांगेत पहिली होती. "कोंबडी नसेल."

"रांग काय भिंतीला चिकटवलीय? रांग माणसांत असते. आहे त्या क्रमाने जायचं, आहे त्या क्रमाने परत यायचं. अकराच्या आत."

"आणि तेवढ्यात दुसरं कोणी येऊन नवी रांग लावली तर?"

हा मुद्दा होता. सगळ्यांनी बेलार्मिनोच्या दुखऱ्या गुडघ्याकडे पाहिलं.

"काका इथे बसतील," नेरेइदा म्हणाली. "जो येईल त्याला सांगायचं, शेवटचा मी."

"आणि माझं पुडकं?" बेलार्मिनोने विचारलं.

"तुमच्या पुढे मी आहे, काका. मध्ये मुंगी शिरणार नाही. माझा शब्द."

बसला डिझेल नव्हतं. चाळीसजण एकामागे एक चालत निघाले. बाकीच्या गल्ल्यांची माणसं घोळक्याने, गप्पा मारत येत होती. या चाळिसांत कोणी पुढच्याशी वीतभरही अंतर पडू देत नव्हतं. विभागाचे कॉम्रेड एवेलिओ हातात हजेरीची वही घेऊन उभे होते. त्यांनी टोपी काढली. "शिस्त बघा," ते शेजाऱ्याला म्हणाले. "शिस्त!"

"एक पाऊलही मागे हटणार नाही!" वकिलातीसमोर वक्ता गरजला. रांगेतलं कोणीच हटलं नाही. हटणाऱ्याची जागा जाणार होती.

नेरेइदा मूठ उंचावून घोषणा देत होती. मागून कोणीतरी तिच्या दंडाला स्पर्श केला. पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई होती.

"शेवटचं कोण?"

मूठ वर होतीच. "मी," नेरेइदा सवयीने म्हणाली.

"काय मिळतंय?"

"काही नाही. साम्राज्यवादाचा निषेध आहे."

"सांगायचं नसेल तर नका सांगू," बाई म्हणाली. "निषेधाला एवढी सरळ रांग लागत नाही." तिच्यामागे एक पोस्टमन आला, आणि तिनेही हात वर केला.

मागे कोणी अंडी म्हणत होतं, कोणी व्हिसा. साडेदहाला रांग परत फिरली. नेरेइदाने एकदा मान वळवून पाहिलं. रांगेचं शेपूट दिसत नव्हतं. त्यानंतर तिने मान वळवली नाही.

दुकानासमोर बेलार्मिनो स्टुलावर हात वर करून बसला होता.

"शेवटचा मी," तो म्हणाला. "एक्केचाळिसावा."

"एक्केचाळिसावी मी," पिशवीवाली म्हणाली. "या बाईंनी मला हात दाखवला. विचारा त्यांना."

सगळे नेरेइदाकडे वळले. या शहरात माणूस सरकारला दिलेला शब्द फिरवील, बायकोला दिलेला फिरवील. रांगेत वर केलेला हात कोणी फिरवत नाही.

"दाखवला," नेरेइदा म्हणाली.

बेलार्मिनोने चष्मा पुसून रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. "मुंगी शिरणार नाही म्हणालीस. अख्खं हवाना आणलंस की गं."

शटर वर गेलं. सोराइदाने पहिलं पुडकं पोटाशी धरलं. नेरेइदा आपल्या जागेवरून बाजूला झाली.

"या काका, इथे उभे राहा."

"आणि पोरीचा रस्सा?"

"भोपळ्याचा करते."

ती रांगेच्या कडेने मागे चालू लागली. एक चौक गेला, दुसरा गेला. समोरून कॉम्रेड एवेलिओ वही हलवत, धापा टाकत आले.

"तीनशे बारा! नेरेइदा, एका गल्लीतून तीनशे बारा माणसं! सगळ्या समित्यांना हे शिकवायला हवं. घोषणा कोणती दिलीस, ते सांग."

त्यांनी पेन्सिल सरसावली. नेरेइदाने दोन्ही हात तोंडापाशी नेले.

"शेवटचं कोण?"

लांब, वकिलातीच्या बाजूला, एक हात वर झाला.