फरशीने ओळखलं

हेमलताने मिरजेत येऊन नाव बदललं, केस कापले. चाल मात्र तिला बदलता आली नव्हती. तापाने फणफणलेल्या लेकीला कडेवर घेऊन ती औषधाच्या दुकानात शिरली. दारातल्या फरशीवर पाऊल पडताच काउंटरवरच्या पडद्यावर तिचं जुनं नाव उमटलं.

"या, हेमलताबाई," दुकानदार मुजावरकाका म्हणाले.

तिने घाईने पडद्यावर हात ठेवला. "काका, ते नाव पुसा. पाया पडते तुमच्या."

"मला कुठलं पुसता येतंय? या नव्या फरशीने चाल ओळखली की ती बसवणाऱ्या कंपनीला कळतं, आणि कंपनीकडून घरच्यांनाही."

घरचा म्हणजे एकच, दोन वर्षांपूर्वी तिचा हात मोडणारा नवरा.

तेवढ्यात पडद्यावर निरोप आला. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. ‘माझी बायको आहे. बोलण्यात गुंतवून ठेवा. दहा मिनिटांत पोचतो.’

म्हणजे तो गावातच होता.

काकांनी औषधाची बाटली तिच्या हातात कोंबली. "मागच्या दाराने जा, पोरी. बोळात नुसती माती आहे."

ती पळत सुटली. बोळ संपला तिथे बाजारपेठ सुरू होत होती, आणि प्रत्येक दुकानापुढे तसलीच गुळगुळीत फरशी चकाकत होती. तिचे पाय जागीच खिळले.

"आई," लेक कण्हत म्हणाली, "घरी चल ना."