आप्पासाहेबांनी कुकीज पुसल्या

"या घरात काय शिजतंय, ते मला चुलीच्या आधी कळतं," असं म्हणत आप्पासाहेबांनी लॅपटॉप उघडला. हवामानाच्या पानावर, गावाकडच्या सोयगावच्या ढगांशेजारी, एक म्हातारा हसत उभा होता. खाली लिहिलं होतं : 'ज्येष्ठांसाठी शांत निवास. करमाडच्या पुढं. एका व्यक्तीसाठी स्वतंत्र खोली.'

त्यांनी पंचांग उघडलं. म्हातारा तिथंही. बातम्या उघडल्या. म्हातारा हजर.

"अपेक्षा, हे येडं माझ्या मागं का लागलंय?"

अकरावीतली नात येऊन पडद्यावर वाकली. मग म्हणाली, "आप्पा, या लॅपटॉपवर कुणीतरी वृद्धाश्रम शोधलेत. साईटी ब्राउझरमध्ये कुकी ठेवतात. म्हणजे चिठ्ठीच, इथं गिऱ्हाईक हाय म्हणून. ती वाचून जाहिराती मागं फिरतात. पण साईट आधी विचारती ना, ठेवू का? तुम्ही काय दाबता?"

"सगळं मान्य. परवानगी मागणाऱ्याला नाय म्हणायची आपल्या घराण्यात रीत नाय."

"घ्या मग!"

आप्पासाहेबांचा चहा गार झाला. चिकलठाण्याच्या त्या फ्लॅटमध्ये माणसं पाच आणि लॅपटॉप एक. अपेक्षा लेकरू. बायको, आशाबाई, त्यावर भजनं ऐकायची. उरले लेक कृष्णा आणि सून मंजुषा. एका व्यक्तीसाठी, म्हणजे आशाबाईला स्वैपाकाला ठेवून घेणार आणि आपल्याला धाडणार. हिशोब सरळ होता.

त्या दिवसापासून घरानं निराळेच आप्पासाहेब पाहिले. आपलं ताट त्यांनी आपण घासलं. अळणी भाजीला "लई झ्याक" म्हणाले. "दमलीस का गं?" असं विचारलं, तेव्हा मंजुषानं घाबरून त्यांचा बीपी तपासला.

म्हातारा मात्र हटेना. शनिवारी त्यांनी नातीला बसवलं.

"त्या चिठ्ठ्या जाळता येतात का?"

"येतात की. सेटिंगमध्ये जाऊन कुकीज पुसायच्या. बाहेरच्यांच्या कुकीज बंद करायच्या. इथून पुढं विचारलं की 'नाकारा' दाबायचं. फक्त समद्यांचं लॉगिन जाईल."

"जाऊ दे!"

"माझं बी जाईल का गं?" आशाबाईंनी स्वैपाकघरातून विचारलं.

"व्हय आजी. परत टाकावं लागंल."

"बरं. लिहून ठेवलंय मी."

अपेक्षानं बटण दाबलं. पान परत उघडलं, तर ढगांशेजारी ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात. आप्पासाहेबांचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी जळली म्हणजे बेतही मोडला. करमाडवाल्यांना आता आपला पत्तादेखील ठाऊक नाय! त्याच संध्याकाळी भाजी अळणी लागली म्हणून त्यांनी ताट भिरकावलं आणि चाळीस वर्षांत साधं मीठ कळलं नाही, असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बायकोला सुनावलं.

सोमवारी सकाळी बिल्डिंगखाली गाडी येऊन थांबली. गाडीवर तेच शांत निवासाचं नाव. कृष्णा बॅग घेऊन जिना उतरला. आप्पासाहेब अनवाणी मागं धावले आणि त्यांनी फाटकाला मिठी मारली.

"नाय येणार! पोलिसाला बोलवीन! जन्मदात्या बापाला एकट्याला टाकता काय रे?"

"आप्पा, हात सोडा." कृष्णा जमिनीकडं बघत म्हणाला. "तुम्हाला कोण नेतंय?"

मागून आशाबाई आल्या. नवी साडी, नवी चप्पल. थेट गाडीत बसल्या. आप्पासाहेब फाटक सोडून गाडीत वाकले.

"अगं, तू? पण तिथं तर खोली एकट्याचीच हाय!"

"दोघांची बी होती," आशाबाई म्हणाल्या. "मीच नको म्हणलं."

त्यांनी दार ओढून घेतलं. दारात अडकलेलं आप्पासाहेबांचं उपरणं गाडीबरोबर करमाडला गेलं.